मेलेल्या मामाला आधी उचला

बोरमळीला होडी मिळणार अशी बातमी आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मोहिनीला झाला, आणि सगळ्यात कमी तिच्या चुडामणमामाला.

कारण सरळ होतं. आमचं बोरमळी मुक्ताईनगर तालुक्यातलं, धरणाच्या फुगवट्याला चिकटून. पावसाळ्यात पाणी चढलं की गावाला तिन्ही बाजूंनी वेढा पडतो. जळगावची ‘सोबत’ नावाची संस्था काठावरच्या एका गावाला मोटरची होडी देणार होती, आणि ती चालवायला त्याच गावचं माणूस पगारावर ठेवणार होती. मोहिनीनं संस्थेत जाऊन होडी चालवायचं शिक्षण पुरं केलं होतं. होडी गावात आली की तिची नोकरी पक्की. नाही आली, तर रविवारी चुडामणमामा धुळ्याहून एक मुलगा दाखवायला आणणार होता. मुलाचं बियाण्यांचं दुकान होतं. मामाच्या शब्दांत, “पोरगा बोलस कमी, ऐकस जास्त.” मोहिनीला त्याचं बोलणंही नको होतं आणि ऐकणंही.

तिच्या वडिलांनी, बन्सीलालांनी, म्हणजे गावाच्या बन्सीनानांनी, निकाल देऊन टाकला होता. “होडी आली तर होडी. नही आली तर धुळं.”

अडचण एवढीच होती की समोरच्या काठावरच्या पारखेड्यालाही होडी हवी होती, आणि त्यांचाही एक पोरगा ती चालवायला शिकला होता. म्हणून संस्थेनं दोन्ही गावांची परीक्षा ठेवली. पूर आलाय असं धरायचं, काही लोकांनी जखमी होऊन पडायचं, बाकीच्यांनी त्यांना उचलून होडीत आणायचं. पारखेड्याची परीक्षा आमच्या आदल्या दिवशी झाली. आमची भरिताच्या दिवसांत, थंडीतल्या स्वच्छ उन्हात.

सकाळी संस्थेच्या मेघा मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर बराका नावाचा पोरगा होता, टांझानियाचा. जळगावला शिकायला आलेला, सुट्टीत संस्थेत काम करायचा. उंच, काळाभोर, आणि तिथल्या मेहरूण भागातल्या खानावळीत शिकलेलं मराठी बोलणारा. मागच्या वर्षी रस्ता चुकून एक गोरा सायकलवाला गावात शिरला होता, तर त्याला आम्ही शाल-नारळ देऊन शाळेत भाषण करायला लावलं होतं. तो काय बोलला ते कोणालाच कळलं नाही, तरी दोन वेळा टाळ्या झाल्या. बराका मराठी बोलत होता, पण त्याला पहिल्या दहा मिनिटांत तिघांनी आधार कार्ड विचारलं आणि एकानं केसांना हात लावून पाहिला.

“खरेच आहेत, काका,” बराका म्हणाला. “ओढून पाहा. पण नंतर मी पण तुमच्या मिशा ओढणार.”

काकांनी हात काढला.

मारुतीच्या सभामंडपात गाव जमलं. मेघा मॅडम म्हणाल्या, “आधी एक प्रश्न. समजा, होडीत एकाचीच जागा आहे. काठावर दोघं आहेत. एक तुमचा सख्खा पुतण्या, त्याचा गुडघा खरचटलाय. दुसरा कोण, कुठला, माहीत नाही, पण तो मरायला टेकलाय. आधी कोणाला घ्याल?”

“मरायले टेकला त्याले,” सगळं गाव म्हणालं.

“तो दुसऱ्या गावचा असला तर?”

“तरी त्यालेच.”

“दुसऱ्या देशाचा असला तर?”

“त्याले तर सगळ्यात पहिले. पाहुणा आहे तो.”

मग बन्सीनाना उभे राहिले. नाना उभे राहिले की भाषण होतंच. “मॅडम, आमच्या गावात जातपात, रंगबिंग, आपला-परका, असं काही नही. माणूस म्हणजे माणूस. रक्त सगळ्यांचं लालच.” टाळ्या पडल्या. नाना समाधानानं बसायला वळले तेव्हा त्यांना दिसलं की धुळ्याहून आलेला मेहुणा उभाच आहे. त्यांनी बराकाला हातानं खूण करून खुर्चीवरून उठवलं आणि तिथं चुडामणला बसवलं. कोणालाच त्यात काही वाटलं नाही. बराका भिंतीला टेकून उभा राहिला आणि मोहिनीकडे बघून त्यानं एक भुवई वर केली.

जखमी व्हायला बारा जण तयार झाले. चुडामणमामाही उठला. पाहुण्याला नाही कसं म्हणणार? मेघा मॅडमनी पिशवीतून रंगीत फिती काढायला लावल्या. लाल म्हणजे मरायला टेकलेला, त्याला आधी उचलायचं. पिवळी म्हणजे थोडा थांबू शकतो. हिरवी म्हणजे खरचटलेला. आणि काळी म्हणजे मेलेला, त्याला सगळ्यात शेवटी.

बराकाला लाल निघाली. चुडामणमामाला काळी.

“मी मरेल शे?” मामानं फीत उलटीसुलटी करून पाहिली.

“हो. तुम्ही नुसतं पडून राहायचं,” मॅडम म्हणाल्या.

“मरेल माणूसले चहा चालस का?”

“नाही.”

मामाचं तोंड पडलं. पण पोरीला धुळ्याला न्यायचं तर होडी हातची जायला पाहिजे, आणि त्यासाठी आपण इथंच असलेलं बरं, असा हिशोब करून तो नवीनच्या केळीच्या बागेबाहेर, बांधाजवळ, हातपाय पसरून मेला.

नवीन म्हणजे नानांचा चुलत पुतण्या. उचलणाऱ्यांचा म्होरक्या तोच. मोहिनी खाली काठावर संस्थेची होडी धरून उभी. बांधाच्या या बाजूला बायका कापसाच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजत होत्या, कारण पूर आला तरी जेवण लागतंच. मेघा मॅडमनी शिट्टी वाजवली.

नवीनची पोरं सुसाट निघाली. बराका त्यांच्या वाटेतच पडलेला होता. दंडावर लाल फीत, डोळे मिटलेले, जीभ थोडी बाहेर. पोरांनी त्याला वळसा घातला आणि पार टोकाला असलेल्या स्वप्नीलला खांद्यावर घेऊन होडीपाशी आणलं. स्वप्नीलच्या दंडावर हिरवी फीत होती.

“याचं काय झालंय?” मोहिनीनं विचारलं.

“खरचटलं.”

“मग याला काबरं आणलं?”

“अगं, हा आपला स्वप्नील आहे,” नवीन म्हणाला. मोहिनी आपल्या भावकीतला माणूस विसरली की काय, अशा काळजीनं त्यानं तिच्याकडे पाहिलं.

मोहिनीनं स्वप्नीलला परत पाठवलं. तो चालत गेला आणि पुन्हा जखमी झाला. दुसऱ्या खेपेला पोरांनी नवीनच्या गल्लीतला एक पिवळा आणला. तिसऱ्या खेपेला एक हिरवा, ज्याचं लग्न ठरलं होतं, म्हणून. मोहिनीनं दोघांनाही परत पाठवलं. प्रत्येक वेळी पोरं बराकावरून गेली. एकानं तर जाताना त्याला “माफ करा हां, भाऊ” असंही म्हटलं. माणुसकी होती.

“काका,” बराका डोळे न उघडता म्हणाला, “मी लाल आहे. मरतोय.”

“हो हो, येतो,” वरून जाणाऱ्या एका काकांनी सांगितलं, आणि ते आपल्या साडूच्या पोराकडे गेले.

मेघा मॅडम नुसत्या बघत होत्या. मोहिनीला ते नुसतं बघणं धुळ्याच्या बियाण्यांच्या दुकानासारखं दिसायला लागलं.

तेवढ्यात बांधावरून बेबाबाई आली. मोहिनीची आई, चुडामणची थोरली बहीण. तिच्या हातात वांगं होतं. तिनं भावाला उन्हात आडवा पाहिलं आणि वांगं टाकून दिलं.

“व माय. माह्या भावाले कोणी हात लावला नही?”

“तो मेला आहे, बेबाकाकू,” नवीननं समजावलं.

“मेला म्हणून काय झालं? सासरच्या गावात माहेरचा माणूस असा टाकून देतात का? धुळ्यात कळलं तर काय म्हणतील? अहो, ऐकलं का?”

हे नानांना होतं. नाना आले. चुडामणनं एक डोळा उघडला. “दाजी, बठ्ठा माले वलांडीसन जाई राह्यनात,” सगळे आपल्याला ओलांडून जातात अशी त्यानं तक्रार केली.

नाना अडचणीत आले. मेलेल्याला आधी उचललं तर होडी जाणार. नाही उचललं तर बायको. असा पेच भल्याभल्यांना पडत नाही. नाना कपाळ पुसत उभे राहिले. वाट बेबाबाईनंच काढली.

“तो पाहुणा आहे ना, तो काळा पोरगा, त्याची लाल पट्टी आहे. ती याले बांधा. याची त्याले.”

“अगं, पण मग तो मेला.”

“अठी त्याचं रडायले कोण आहे? याच्यामागे मी आहे, त्याची बायको आहे, पोरं आहेत. त्याचं अठी कोणाचं काय जातं?”

नानांना हे पटलं नाही. पण नाना न पटताही पुष्कळ गोष्टी करतात. सकाळी याच तोंडानं केलेलं भाषण त्यांना आठवलं असावं, कारण बराकाजवळ जाताना त्यांनी टोपी नीट केली.

“बेटा, जरा हात दे.”

बराकानं हात दिला. नानांनी लाल सोडून काळी बांधली.

“म्हणजे मी मेलो?”

“थोडा वेळ.”

“घरी कळवा,” बराका म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटून पडला.

चुडामणमामाच्या दंडावर लाल फीत चढली तशी गावात जान आली. इतका वेळ हातचं राखून काम करणारे चौघं धावत आले. एकानं डोकं धरलं, एकानं पाय, दोघांनी मधलं. बेबाबाई मागून पदर डोळ्याला लावून येत होती. मामाला तेवढ्यात जिवंत झाल्याचा आनंद आवरेना. “सावकाश चाला रे,” असं सांगत तो दोन्ही हात जोडून बघ्यांना नमस्कार करत निघाला. मरायला टेकलेला माणूस इतका खूश आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

मोहिनीनं मिरवणूक येताना बघितली. मग तिनं बांधाकडे पाहिलं, आणि बराकाच्या दंडावरची काळी फीत तिला दिसली.

रागावून उपयोग नव्हता. नियम सगळ्यांना पाठ होता, सकाळी सगळ्यांनी तो एका आवाजात म्हणून दाखवला होता. कमी नियमाची नव्हतीच. बराका कोणाचाच कोणी लागत नव्हता, एवढीच भानगड होती. मोहिनी नानांचीच पोरगी. तिनं गाव ओळखलेलं होतं.

“नवीनदादा,” ती होडीतून ओरडली, “तो जो मेला आहे ना, त्याच्या घरी केळी आहेत.”

नवीन थबकला. “काय आहेत?”

“केळीच्या बागा. टांझानियात. बापाची, काकाची, आख्ख्या डोंगरावर. संस्थेत शिकत होते तेव्हा फोटो दाखवले त्यानं मला.”

“केळीवाला आहे तो?”

“पिढ्यान्‌पिढ्या.”

मामाचं डोकं धरलेल्या माणसानं डोकं सोडलं. पाय धरणारा आधीच निघाला होता. मधले दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग त्यांनीही हात काढून घेतले. मामा काठावरच्या चिखलात बसल्यासारखा पडला. त्याची लाल फीत चिखलात गेली, आणि तो आता नेमका कोण, मेलेला की टेकलेला, हे विचारायला कोणी जागेवर नव्हतं.

सगळं गाव बराकाकडे पळत होतं.

“अरे, आधी काबरं नही सांगितलं?” नाना धापा टाकत म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हातानं त्याची काळी फीत सोडली आणि जवळच्या एका लाल माणसाच्या दंडावरून लाल काढून त्याला बांधली. तो लाल माणूस गावातलाच होता, पण पलीकडच्या आळीतला.

सहा जणांनी बराकाला उचललं. आणि चालता चालता विचारपूस सुरू झाली.

“घड केवढा पडतो तुमच्याकडे?”

“मोठा. एका माणसाला उचलत नाही.”

“पानांवर करपा येतो का?”

“येतो.”

“येतोच,” सगळे हळहळले. आता तो अगदीच घरचा झाला. तिकडेही करपा आहे म्हटल्यावर टांझानिया शेजारच्या रावेरच्या थोडं पुढे असल्यासारखं वाटायला लागलं.

“आणि भाव पडला तर काय करता?” हे नानांनी विचारलं. हा प्रश्न नाना सगळ्यांना विचारतात, आणि आजवर त्यांना कोणीही उत्तर दिलेलं नाही.

“दारू करतो,” बराका म्हणाला.

मिरवणूक जागच्या जागी थांबली.

“कशाची?”

“केळीचीच. पिकलेली केळी उकळायची, नाचणी घालायची, ठेवायची. भाव पडला की आम्ही माल विकत नाही. पितो.”

असं शांत बोरमळी मी पंधरा ऑगस्टलाही पाहिलेलं नाही. इतक्या पिढ्या केळी लावून, भाव पडल्यावर रस्त्यावर ओतून, निवेदनं देऊन, आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. बराकाला होडीकडे न्यायचं ते राहिलंच. त्याला निंबाखालच्या खाटेवर ठेवलं, पाठीला उशी दिली, आणि त्याच्याभोवती आख्खं गाव बसलं. नाचणी भाजून की कच्ची, यावर लगेच दोन पक्ष पडले. बेबाबाईनं स्वतः ताटात भरीत वाढलं, वर कच्च्या तेलाची धार सोडली, पुऱ्या ठेवल्या. “खा बाबा. आईपासून किती लांब आला.”

“नाना,” मोहिनी काठावरून हाका मारत होती, “त्याला होडीत आणा आधी.”

“आपला माणूस आहे,” नाना म्हणाले. “जेवल्याशिवाय कसा पाठवू?”

ज्याची लाल फीत काढून घेतली होती तो उठून कपडे झटकून भरिताच्या रांगेत उभा राहिला. हळूहळू बाकीचे जखमीही आले. होडीत शेवटपर्यंत कोणीच बसलं नाही. मेघा मॅडमनी शिट्टी वाजवली तेव्हा पाण्याजवळ दोघंच होते, होडीतली मोहिनी आणि चिखलातला मामा.

“मोहिनी,” मुलगा आणायचं पक्कं करत मामा खालून म्हणाला, “रविवारले पोऱ्याले घी येस मी.”

जेवणं झाल्यावर निकाल लागला. मेघा मॅडम उभ्या राहिल्या.

“बोरमळीनं आज एकाही माणसाला वाचवलेलं नाही. एकाला मात्र आधी मारलं आणि मग जेवायला घातलं.”

“म्हणजे नापास?” नानांनी विचारलं.

“नापास.”

मोहिनीनं होडीचा दोर हातातून सोडला.

“आणि पारखेडं?” नाना सोडणारे नव्हते.

“तिथं काल पाटलांची आख्खी भावकी एकदम होडीत बसली. होडी कमरेएवढ्या पाण्यात बुडाली. लाल फीतवाले वाट बघून घरी निघून गेले.”

गावाला एकदम बरं वाटलं. दोघा-तिघांनी तर नव्यानं भरीत वाढून घेतलं.

“मग होडी कोणालाच नाही,” मॅडम म्हणाल्या. “दोन्ही गावांत नातेवाइकांचीच होडी होणार. पूर आल्यावर हे चालत नाही.”

बराकाच्या तोंडात पुरी होती. ती गिळून तो म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे दोन गावांचा फुटबॉलचा सामना असला की पंच तिसऱ्या गावचा आणतात. त्याला कोणाचा पुतण्या कोण ते माहीत नसतं.”

“म्हणजे?”

“यांची चालक तिकडे द्या. त्यांचा इकडे. मोठी एक होडी देणार होता ना? त्याऐवजी लहान दोन द्या.”

मॅडम फोन घेऊन बाजूला गेल्या. बोलल्या, फेऱ्या मारल्या, परत बोलल्या. गावाला मात्र ही पंच-बिंच भानगड कळली नव्हती. नानांनी कपाळाला आठ्या घालून विचार केला आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे साटंलोटं. आपली पोरगी त्यांच्याकडे, त्यांचा पोरगा आपल्याकडे.”

“अस्सं,” सगळं गाव म्हणालं. अशी लग्नं आमच्याकडे पुष्कळ झालेली. मग त्यात समजायला काय आहे?

मॅडम परत आल्या आणि त्यांनी मान हलवली. संस्था तयार होती. मोहिनीनं खाली पडलेला दोर उचलला.

चिखल वाळलेल्या धोतरासकट चुडामणमामा मध्ये आला. “दाजी, तुमनी बोली काय व्हती? होडी आपला गावमा ऊनी तर. आठे तर पोर परका गावमा जाई राह्यनी. बोली मोडनी. धुळं पक्कं.”

मामाचं बोलणं चुकीचं नव्हतं. नाना कोड्यात पडले. त्यांनी शब्द दिला होता, आणि शब्दात पारखेड्याचा विषय नव्हता. ते मोहिनीकडे बघेनात. मोहिनी त्यांच्याकडे बघत राहिली, दोर हाताला दोन वेढे देऊन.

“मीच पोरीले विचारतो,” नाना शेवटी म्हणाले.

“विचारून झालंय, नाना,” मोहिनी म्हणाली. “मी होडी म्हणाले त्याला सहा महिने झाले.”

नानांनी बायकोकडे पाहिलं. बेबाबाई भावाच्या धोतरावरचा चिखल नखानं काढत होती. वर न बघता ती म्हणाली, “पोरगी काय, परक्याच गावाले जाते. पण पारखेडं अठून दिसतं. धुळं दिसत नही.”

“आक्का,” मामा म्हणाला, “तू मन्ही बहीण शे ना?”

“म्हणून तर तुले मेल्यावर उचलायले लावलं. आणखी काय करू?”

पुढच्या आठवड्यात होड्या आल्या. मोहिनी निघाली त्या सकाळी सगळं गाव काठावर. पारखेडं इतकं जवळ की तिथल्या कोंबड्या आरवल्या तर आमच्याकडे झोप मोडते, आणि मोहिनी रोज संध्याकाळी घरी परतणार होती. तरी बेबाबाईनं रीतीप्रमाणे ओटी भरली, गळ्यात पडून रडली, आणि तिला बघून ज्यांचं मोहिनीशी कधी पटलं नव्हतं अशा बायकाही रडल्या. नानांनी होडीला नारळ फोडला. चुडामणमामा आला नव्हता. त्यानं फोनवर कळवलं होतं की बियाण्यांच्या दुकानवाल्यानं दुसरी मुलगी पाहिली, आणि ती बोलते.

मोहिनी होडीत चढली तशी बेबाबाई पदर आवरत पाण्यात दोन पावलं आली.

“ऐक. पारखेड्यात देवळाजवळ इंदिराबाईचं घर आहे. माह्या मावसबहिणीची नणंद लागते. पूर आला तर पहिले तिले.”

“आणि तिच्या मागच्या गल्लीत,” नवीन ओरडला, “माझ्या साडूचा भाऊ.”

“खालच्या आळीत आपल्या कुळातला एक आहे,” नानांनी काठावरून हात वर केला. “नाव विसरलो, पण आपलाच. त्याले...”

मोहिनीनं मोटर सुरू केली. आवाज मोठा होता. काठावरचे सगळे हातवारे करून पत्ते सांगत राहिले, आणि ती मान डोलवत, हसत, एकही न ऐकता पलीकडे निघून गेली.